प्रेक्षणीय स्थळे व तेथे जाण्याचे मार्ग

ज्या हॉटेलच्या गच्चीवरून तळे दिसते, अथवा ते दिसते अशी निदान हॉटेलच्या मालकाची प्रामाणिक समजूत असते, त्या हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशास खोलीच्या किल्लीसमवेत ज्या वस्तू विनामूल्य प्राप्त होतात, त्यांत अंगठ्याच्या पेराएवढी साबणाची वडी, दोनदा वापरल्यास केस गळणारा दातांचा ब्रश आणि टेबलाच्या काचेखाली सरकविलेला एक छापील तक्ता यांचा समावेश असतो. साबण व ब्रश प्रवासी निघताना पिशवीत घालतो. तक्ता तेथेच राहतो, कारण तो कोणी वाचीत नाही. परक्या गावी ज्यांना लवकर झोप लागत नाही आणि खोलीतील दूरचित्रवाणीचे यंत्र ज्यांच्या हाती कधीच वश होत नाही, असे आमच्यासारखे काही इसम मात्र हा तक्ता पहिल्या ओळीपासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचून काढतात. आणि अशा दीर्घ व्यासंगानंतर आमचे असे मत झाले आहे की, मराठीतील कल्पनाप्रधान वाङ्मयाचा विचार करताना टीकाकारांनी या वाङ्मयप्रकाराकडे केलेले दुर्लक्ष सर्वथा अक्षम्य आहे.

तक्त्याचे शीर्षक बहुधा ‘प्रेक्षणीय स्थळे व तेथे जाण्याचे मार्ग’ असे असते आणि त्यात तीन रकाने असतात : स्थळाचे नाव, हॉटेलपासूनचे अंतर, व लागणारा वेळ. यांपैकी पहिला रकाना विश्वसनीय समजावा, दुसरा सद्‌भावनेने लिहिलेला समजावा, आणि तिसरा ज्याने लिहिला तो इसम पहाटे चारच्या सुमारास, रस्त्यावर म्हशी नसताना, दुसऱ्याच्या मोटारीतून गेला होता असे समजून चालावे. टॉलेमीने पृथ्वीला विश्वाच्या मध्यभागी बसविले होते. कोपर्निकसाने १५४३ साली ग्रंथ छापून तिला त्या आसनावरून उठविले. परंतु ही वार्ता हॉटेलच्या व्यवस्थापकांपर्यंत अद्याप पोचलेली नाही. त्यांच्या तक्त्यात हॉटेलचा दरवाजा हा शून्य किलोमीटरवर अढळ उभा असतो, आणि मंदिरे, राजवाडे, किल्ले, धरणे, झालेच तर अरबी समुद्रसुद्धा, आपापल्या कक्षेत त्या दरवाजाभोवती मुकाट्याने प्रदक्षिणा घालीत असतात.

उदाहरणादाखल कोल्हापूरचा रंकाळा घ्यावा. पूर्वी येथे दगडाची खाण होती, भूकंपाने ती खचली, पाण्याचे झरे मोकळे झाले आणि तळे झाले, असे जुने लोक सांगतात. त्याच्या काठावर १९३१ ते १९३४ या काळात राजकन्या शालिनीराजे यांच्या नावाचा शालिनी पॅलेस बांधला गेला, आणि १९८७ साली त्या राजवाड्याचे तारांकित हॉटेल झाले. तळ्याकाठी निवास करणे हा राजघराण्याचा खास हक्क नसून भाडे मोजणाऱ्या कोणत्याही गृहस्थाचा आहे, हे तत्त्व त्या दिवशी प्रस्थापित झाले म्हणावयास हरकत नाही; तेव्हापासून ज्याच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीवर चढले असता तळ्याचा एक कोपरा दृष्टीस पडे, त्यानेही पाटीवर ‘लेक’ हा शब्द रंगवून घेतला, आणि खोल्यांचे दर त्या कोपऱ्याच्या मानाने वाढविले.

या हॉटेलांच्या तक्त्यात पहिली ओळ अर्थातच अंबाबाईच्या मंदिराची असते. अंतर इतके थोडे की पायी जावे. वेळ दहा मिनिटे. महाद्वाराच्या अलीकडे जी दर्शनाची रांग सुरू होते तिचा हिशेब तक्ता धरीत नाही, कारण रांग ही हॉटेलच्या हद्दीबाहेरची बाब आहे. वास्तविक त्या मंदिरात पोचणे प्रत्यक्ष सूर्यनारायणासही सोपे नाही. वर्षातून दोन वेळा, जानेवारीअखेर व फेब्रुवारीच्या आरंभी, आणि पुन्हा नोव्हेंबरात ९ ते ११ या तारखांच्या सुमारास, मावळतीचे किरण महाद्वारातून शिरून, गरुडमंडप ओलांडून, देवीच्या चरणांपर्यंत जावेत अशी योजना मंदिर बांधणाऱ्यांनी करून ठेवली आहे. आणि तरीही कुठे ढग आड आला, कुठे कोणाचा वाढीव मजला आड आला, म्हणून किरण अमुक पायरीपर्यंतच पोचले, अशी बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचावयास मिळते. जो प्रवासी आठ मिनिटांत सूर्यापासून पृथ्वीवर येतो त्याची महाद्वार रस्त्यावर ही अवस्था. मग सामान्य गृहस्थाच्या दहा मिनिटांचे काय होत असेल, ते वाचकांनीच ताडावे.

तक्त्यातील वेळेचा रकाना कसा लिहावा याचा कित्ता खरे पाहता रंकाळ्याच्याच काठी आहे. तेथील नंदीविषयी अशी आख्यायिका आहे की, तो रोज गव्हाच्या दाण्याइतका तळ्याच्या दिशेने पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याइतका मागे येतो. ज्या दिवशी तो पाण्याला लागेल त्या दिवशी जगबुडी होईल. गहू आणि तांदूळ यांच्या लांबीतील फरकावर अवघ्या सृष्टीचे आयुष्य सोपविणारा हा हिशेब कोणा मुरलेल्या कारकुनाचा असावा. पुढे जाण्याचा भत्ता आणि मागे येण्याचा भत्ता असे दोन्ही वसूल करून, मुक्कामी मात्र कधीच न पोचणारा असा दुसरा प्रवासी आमच्या ऐकिवात नाही.

अंबाबाईनंतर भवानी मंडप, खासबागेचे कुस्तीचे मैदान, नवा राजवाडा. मग गावाबाहेर जोतिबा, पन्हाळा, कणेरी मठ, नृसिंहवाडी. मग राधानगरी व दाजीपूर, खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ. असा तक्ता खाली खाली उतरत जातो, अंतरे फुगत जातात आणि अक्षरे बारीक होत जातात. आणि सर्वांच्या शेवटी, जेथे कागद संपत आलेला असतो आणि छापखान्याला आणखी एक ओळ बसवावयाची असते, तेथे ‘इतर’ या सदराखाली आंबोली, गोवा आणि पारगड (ता. चंदगड) ही तीन नावे एकाच ओळीत दाटीवाटीने बसविलेली आढळतात. अंतराच्या रकान्यात ‘शंभराहून अधिक’ असे मोघम लिहिलेले असते. वेळेच्या रकान्यात एक लहानशी आडवी रेघ असते.

ही रेघ आमच्या तालुक्याची आहे. आम्ही चंदगडचे, आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या ज्या कोपऱ्यात आम्ही राहतो तो कोपरा जिल्ह्याच्या नकाशावर इतका दक्षिणेस आहे की, भिंतीवर नकाशा टांगताना खालची पट्टी बहुधा आमच्यावरच येते. याचे कारण ऐतिहासिक आहे. पूर्वी आमचा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि चंदगड तालुका तेवढा वगळून मुंबई राज्यात ठेवण्यात आला व कोल्हापूरला जोडण्यात आला. त्या रात्री आमचा एकही डोंगर जागचा हलला नाही, ताम्रपर्णी नदीने आपला प्रवाह बदलला नाही. हलले ते केवळ दप्तर. परंतु दप्तर हलले की माणसाला त्याच्या मागोमाग जावे लागते, आणि त्यामुळे जो तालुका चाळीसेक किलोमीटरांवरच्या शहरात आपली कज्जेदलाली उरकून संध्याकाळच्या जेवणाला घरी येत असे, त्याला तेव्हापासून शंभराहून अधिक किलोमीटरांची यात्रा घडू लागली. रताळ्यांना मात्र पुनर्रचनेचा हुकूम लागू झाला नाही. आमची रताळी पूर्वी बेळगावच्या बाजारात जात, आजही तेथेच जातात. रताळ्याला जिल्ह्याचा दाखला लागत नाही, एवढाच याचा अर्थ.

जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचा मार्गही वाचकांनी समजून घेण्यासारखा आहे. चंदगडहून नेसरी, नेसरीहून गडहिंग्लज, आणि तेथून पुढे सरळ वाट धरली की गाडी परराज्यात शिरते, निपाणीहून जाते, आणि कागलजवळ पुन्हा स्वराज्यात प्रवेश करते. महाराष्ट्रातील इसमाने महाराष्ट्रातील आपल्या जिल्हाधिकाऱ्यांस भेटण्याकरिता कर्नाटकातून जावे, ही योजना कोणी मुद्दाम आखली असती तर तिला राष्ट्रीय एकात्मतेचे पारितोषिक मिळाले असते. सरहद्द कोठे लागली हे पूर्वी रस्त्याच्या खड्ड्यांवरून ओळखावे लागे, आणि त्या बाबतीत दोन्ही राज्यांत चुरस असल्यामुळे मतभेद होत. आता खिशातील दूरध्वनी थरथरून अन्य राज्यात आपले स्वागत असल्याचे कळवितो, आणि पाऊण तासाने पुन्हा थरथरून, आपण आपल्याच घरी पाहुणे म्हणून आल्याबद्दल पुनश्च स्वागत करतो. ज्यांना हा द्विवार स्वागताचा सोस नको असेल त्यांनी गारगोटीवरून वळसा घालावा. मात्र मग वेळेच्या रकान्यातील रेघ किंचित लांबवून घ्यावी.

आता आमच्या तालुक्याचा मोठेपणा असा की, एका कोल्हापूरच्या तक्त्यात शेवटची ओळ मिळविण्यावर आम्ही समाधान मानलेले नाही. बेळगावातील हॉटेलांच्या तक्त्यात ‘जवळपासची स्थळे’ म्हणून देवरवाडीचे वैजनाथ व आरोग्य भवानीचे देवालय, त्यावरचा महिपालगड, आणि पावसाळ्यात किटवाड व सुंडी येथील धबधबे दिलेले असतात. ती सारी आमची. घाटाखाली दोडामार्गाकडे आणि गोव्याच्या उत्तर भागात जी विश्रामस्थाने निघाली आहेत, त्यांच्या पत्रकांत तिलारीचे नाव ठळक असते, आणि तिलारीच्या खोऱ्याची जी छायाचित्रे छापलेली असतात ती बहुधा आमच्या तिलारीनगरच्या बाजूने, स्वप्नवेल पॉइंटवरून घेतलेली असतात. म्हणजे डोंगर आमचा, दृश्य त्यांचे. आंबोलीत उतरलेल्या प्रवाशाला धबधब्याच्या गर्दीचा कंटाळा आला की हॉटेलचा माणूस त्याला आमच्याकडेच पाठवितो. असा हा तालुका चार यजमानांच्या पंगतींना बोलाविला जातो आणि प्रत्येक पंगतीत शेवटच्या पानावर बसविला जातो. वाढपी तेथवर येईपर्यंत भाताशिवाय काही उरत नाही.

विमानांच्या बाबतीत तर आमची श्रीमंती डोळे दिपविणारी आहे. पूर्वेला बेळगावचा सांबरा विमानतळ, उत्तरेला कोल्हापूरचा उजळाईवाडी, पश्चिमेला २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला चिपी, आणि २०२२ च्या डिसेंबरात ज्याचे उद्‌घाटन झाले तो गोव्याचा मोपा; असे चार विमानतळ आमच्या चारी बाजूंस पहारा देत उभे आहेत. आगगाडी मात्र तालुक्यात नाही. कोल्हापूरला ती १८९१ साली आली, घाटाखालून कोकण रेल्वे १९९८ साली सलग धावू लागली, बेळगावास तर ती कधीची आहे. आमच्या तालुक्याच्या चोहोबाजूंनी रूळ गेले, आणि मध्ये आम्ही काजूची झाडे राखीत बसलो. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याने चार विमानतळांपैकी कोणता निवडावा, असा प्रश्न परवा एका जाणत्या गृहस्थांस विचारला असता त्यांनी बराच विचार करून, ‘जिथनं वडाप मिळतंय तो’ असे उत्तर दिले.

वडाप ही संस्था ज्यांना ठाऊक नाही त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यात प्रवास केलेला नाही. एस.टी.ला वेळापत्रक असते आणि ती ते पाळण्याचा यत्न करते. वडापला वेळापत्रक नसते, त्यामुळे ती कधीही उशिरा सुटत नाही. जीप भरली की निघते. भरली म्हणजे किती माणसे, हे मोटार वाहन कायद्याने ठरविलेले असले तरी प्रत्यक्षात ते चालकाच्या आशावादावर अवलंबून असते. जेवढ्या आसनांचा परवाना, तेवढी माणसे बसल्यावर जीप अर्धी रिकामी समजली जाते; मग एक आजीबाई कोंबडीसह येते, तिला जागा करून देण्यासाठी दोन शिक्षक किंचित तिरके होतात, आणि त्या तिरकेपणात आणखी एक महाविद्यालयीन विद्यार्थी मावतो. ‘पाव्हणं, जरा सरकून घ्या’ हे वाक्य ज्या प्रसन्नतेने उच्चारले जाते तिच्यापुढे पंचतारांकित आदरातिथ्य कोरडे वाटावे. आम्ही असे निःसंकोचपणे म्हणतो, कारण पुष्कळदा सरकून घेणारे आम्हीच असतो.

घाटांचा विषय मात्र थट्टेचा नाही, किंवा निदान वाट उतरताना तो थट्टेचा वाटत नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावाकडे माल चढविण्याची जुनी वाट आमच्या रामघाटातून होती. पुढे इंग्रजांच्या अमदानीत आंबोलीकडचा घाट तयार झाला, बैलगाड्या तिकडे वळल्या, आणि रामघाट इतिहासाच्या स्वाधीन झाला. म्हणजे शेजारून रस्ता काढण्याची प्रथा काही आजची नव्हे. अलीकडच्या काळात तिलारीचा जलविद्युत प्रकल्प झाला आणि त्याच्या कामासाठी जो रस्ता खाली दोडामार्गाच्या अंगाला उतरविला तोच तिलारीचा घाट. धरणाचे सामान वाहण्यासाठी खोदलेल्या वाटेवर आता गोव्याला जाण्याची घाई झालेले लोक उतरतात. घाटाचा उतार असा आहे की, खाली पोचलेल्या गृहस्थाच्या मुद्रेवर गोव्याला आल्याचा आनंद आहे की केवळ जिवंत असल्याचा, हे ओळखता येत नाही. अवजड वाहनांस तेथे मज्जाव करणारे हुकूमही निघालेले आहेत. नकाशातील अंतर पाहून निघणाऱ्या माणसाला हा घाट जवळचा वाटतो. घाटाला तो माणूस कसा वाटतो याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

आमच्याकडे वाट विचारण्याचीही एक रीत आहे. परगावच्या प्रवाशाने चंदगडच्या स्टँडवर उतरून पारगड किती लांब असे विचारले, तर रिकाम्या बाकावर बसलेले मंडळ प्रथम त्याच्या बुटांकडे पाहते. नंतर कोणी ज्येष्ठ सदस्य म्हणतो, ‘पारगड व्हय? हितंच की. मोटणवाडी गेली, इसापूर आलं, म्हंजे आलाच समजा.’ किलोमीटर किती, असे पुन्हा विचारल्यास किंचित नापसंतीने उत्तर मिळते : ‘किलोमीटरचं काय करतासा? रस्ता सोडू नगासा म्हंजे झालं.’ येथे अंतर सांगितले जात नाही, दिलासा सांगितला जातो. आणि तो हॉटेलच्या तक्त्याहून अधिक उपयोगी पडतो, कारण तक्ता चुकला तर जाब विचारायला कोणी सापडत नाही, आणि हे मंडळ संध्याकाळी त्याच बाकावर हजर असते.

पारगडासंबंधी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तक्त्याच्या तिन्ही रकान्यांचा या गडाने जेवढा अवमान केला आहे तेवढा अन्य कोणी केलेला नाही. हा गड शिवछत्रपतींनी १६७६ च्या सुमारास गोव्यातील पोर्तुगीजांवर नजर ठेवण्याकरिता बांधविला, आणि तानाजी मालुसरे यांचे चिरंजीव रायबा यांस येथे किल्लेदार नेमले, अशी परंपरा आहे. तानाजींच्या वंशजांची घरे आजही गडावर नांदती आहेत. आता विचार करावा की, गड बांधताना कारागिरांना आज्ञा काय झाली असेल? ‘कोणासही सहजासहजी येता येऊ नये’ हीच ना? आणि पर्यटन खात्याच्या पत्रकात स्तुतीचे सर्वांत मोठे वाक्य कोणते, तर ‘सहज पोचता येण्याजोगे स्थळ’! हे वाक्य त्या काळी कोणी महाराजांच्या कानांवर घातले असते, तर किल्लेदाराची तात्काळ चौकशी लागली असती. गडाच्या पायथ्यापासून वर जाण्यास साडेतीनशेंच्या घरात पायऱ्या आहेत. एवढ्या पायऱ्या दमछाक होत चढून आलेल्या शहरी प्रवाशाने, येथे येण्याची सोय नीट नाही, अशी तक्रार करावी, यासारखे किल्ला बांधणाऱ्यास दुसरे प्रशस्तिपत्र नाही. वर भवानीचे मंदिर आहे, तोफा आहेत, कौलारू घरे आहेत, आणि घरांतून माणसे आहेत. पाहुणा दमला आहे असे दिसताच कोणीतरी तांब्याभर पाणी पुढे करतो. गड अजून राबता आहे. पुष्कळ प्रसिद्ध किल्ल्यांवर दिवस मावळल्यानंतर वटवाघळे तेवढी उरतात, येथे संध्याकाळी चुली पेटतात. महिपालगडावर आणि गंधर्वगडावरही गावे वसलेली आहेत. ज्यांना आपण प्रेक्षणीय स्थळे म्हणतो तेथे काही मंडळींची शाळा, पाणवठा आणि भाऊबंदकी असते, ही गोष्ट तक्त्यात बसत नाही.

चंदगडात तळ्याकाठचे हॉटेल काढावे, असा विचार मधूनमधून आमच्या गावातील उत्साही तरुणांच्या डोक्यात येतो. तळ्यांची उणीव नाहीच. तिलारीनगरला जलाशय आहे, जांबरे येथे आहे, जंगमहट्टीला आहे, फाटकवाडीला घटप्रभेचे पाणी अडविले आहे. तळ्याकाठच्या हॉटेलास ज्या दोन वस्तू लागतात त्यांपैकी एक आम्ही मुबलक सिद्ध ठेवली आहे. उरली ती दुसरी. परंतु तरुणांचे लक्ष इमारतीकडे असले तरी आमचे लक्ष तक्त्याकडे आहे. इमारत होईल तेव्हा होवो, तक्ता आम्ही आजच तयार करून ठेवला आहे. त्यात शून्य किलोमीटर आमच्या दारात. पहिली ओळ गावच्या रवळनाथाच्या देवळाची. वेळेच्या रकान्यात ‘चहा होईपर्यंत’. मग कलानंदीगड, ‘पायांत जोर असल्यास सकाळी’. मग वैजनाथ, ‘श्रावणी सोमवार टाळून’. बेळगावला त्याखालच्या ओळीत मानाचे स्थान दिले आहे, ‘बाजारहाट व कुंदा, दुपारपर्यंत परत’. गोव्याचा समुद्र ‘घाट बरा असल्यास’. आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, ‘इतर’ या सदराखाली कोल्हापूर : येथे एक तळे, एक मंदिर व काही कचेऱ्या आहेत, कचेरीत काम असेल तरच जावे, व जाताना सर्व कागदांच्या तीन नकला न्याव्यात. वेळेच्या रकान्यात अर्थातच एक आडवी रेघ.

हा मसुदा आम्ही एका कोल्हापूरच्या स्नेह्यांस दाखविला. ते सज्जन आहेत. वाचून हसले, परंतु रंकाळ्याचा उल्लेख ‘एक तळे’ असा झालेला पाहून त्यांच्या कपाळावर सूक्ष्म आठी उमटली. पारगडाच्या नावापुढील रेघ वाचताना आमच्या कपाळावर तीच आठी असते, एवढेच आम्ही त्यांच्या निदर्शनास आणले.

या सर्व भूप्रदेशाचा खरा उपभोग जर कोणी घेतला असेल तर तो हत्तींनी. गेली वीसेक वर्षे कर्नाटकातील अरण्यांतून जे रानटी हत्ती इकडे येऊ लागले, त्यांनी ना कोणाचा तक्ता पाहिला, ना सरहद्दीवर दाखला दाखविला. ते कर्नाटकातून निघतात, चंदगड व आजऱ्याच्या शिवारात ऊस व भात यांचा आस्वाद घेतात, तिलारीच्या खोऱ्यात उतरून केळीच्या बागांत काही काळ काढतात, जलाशयात यथेच्छ डुंबतात आणि मनास येईल तेव्हा परत वर येतात. दोन राज्ये आणि जिल्हे किती ओलांडले याचा पत्ता वनखात्याला मागाहून पायांच्या ठशांवरून लागतो. ज्याच्या उसाचा फड त्यांनी एका रात्रीत निजविला त्या शेतकऱ्याला या पर्यटनात विनोद दिसत नाही, आणि तो दिसावा अशी आमची अपेक्षाही नाही. त्याची नुकसानभरपाई हत्तीच्या चालीने न येता निदान वडापच्या वेगाने यावी, एवढेच म्हणतो. मात्र चार ठिकाणच्या हॉटेलांनी आपापसांत वाटून घेतलेला हा मुलूख मुळात एकच सलग डोंगर आहे, ही गोष्ट ज्या प्राण्याने कृतीने सिद्ध केली, त्याचा उल्लेख टाळणे अन्यायाचे झाले असते.

तळ्याकाठच्या हॉटेलचालकांस आमची एकच नम्र विनंती आहे. स्थळ, अंतर आणि वेळ या तीन रकान्यांशेजारी एक चौथा रकाना आखावा, आणि त्यात परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहावी. जाण्याचे मार्ग तुम्ही अगत्याने सांगता. प्रवाशाला रात्री पुन्हा तुमच्याच खोलीत यावयाचे असते, ज्या खोलीचे भाडे त्याने आगाऊ भरलेले आहे, हे तुमच्या ध्यानातून निसटते. तो रकाना छापून होईपर्यंत प्रवाशांनी असे करावे : तिलारीचा घाट चालू आहे की बंद, याची निघण्यापूर्वी चौकशी करावी, आणि पारगडाकडे जाण्याआधी परतीची एस.टी. किती वाजता आहे ते चंदगडच्या स्टँडवर तोंडी विचारून घ्यावे, कारण पावसाळ्यात ती वेळ बदलते.